परसातल्या सोडणांच्या राशीत घोणस आहे, काय करावं?

परसू_पर्वरी
गोव्यात पर्वरीला घरामागे चिऱ्यांचं कंपाउंड आहे. त्याला लागून नारळाच्या सोडणांची (सालींची) रास, बाजूला चुडतं (झावळ्या). कालपासून दोनदा तिथे जाडसर तपकिरी साप दिसला, साधारण तीन फूट. अंगावर साखळीसारखे ठिपके. जवळ गेलं की प्रेशर कुकरची वाफ सुटल्यासारखा लांबलचक फूत्कार टाकतो. घरात पाच वर्षांची मुलगी आणि कुत्रा आहे. शेजारचे म्हणतात कार्बोलिक ॲसिड ओता, नाहीतर फिनेल. विहीर राशीपासून दहा पावलांवर. अजगराचं पिल्लू असण्याची शक्यता आहे का?

सर्पमित्र_फोंडा
फूत्कार आणि साखळी, दोन्ही घोणशीकडे बोट दाखवतात. खात्रीसाठी लांबूनच मोबाईलवर झूम करून फोटो घ्या. घोणशीच्या अंगावर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात: एक पाठीवर, एकेक दोन्ही कुशींवर. डोकं त्रिकोणी, मान बारीक, अंग जाड आणि खवले खरबरीत. अजगराचं अंग तुळतुळीत, डाग मोठे आणि ओबडधोबड, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. दुरक्या घोणस बिनविषारी. तिची शेपटी आखूड, डाग वेडेवाकडे एकमेकांत मिसळलेले. शंका राहिली तर विषारीच धरून चला.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. मुलगी आणि कुत्रा घरात. मागच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल घट्ट कोंबा. परसातला दिवा लावा आणि एका मोठ्या माणसाने चार-पाच मीटरवर उभं राहून टॉर्च घेऊन नजर ठेवा, बाकी काही करू नका. नजर यासाठी की साप नेमका कुठे शिरला ते कळलं नाही तर पकडणाऱ्याला अख्खी रास उपसावी लागते, आणि खरा धोका त्या उपसण्यात आहे. घोणस तुमच्या मागे धावत नाही. ती जागेवरच बसून राहते, पालापाचोळ्यात दिसत नाही आणि पाय पडला की चावते.

मग वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात किंवा वन खात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन. चांगला सर्पमित्र मान दाबून साप हातात धरत नाही. एका टोकाला कापडी पिशवी बांधलेला पीव्हीसी पाइप जमिनीवर ठेवतो आणि हुकने सापाला हळूच पाइपच्या तोंडाकडे वळवतो. साप अंधार शोधतो, आपणहून आत जातो. पिशवीला दुहेरी गाठ, ती हवा खेळणाऱ्या डब्यात. कुणी गळ्यात घालून फोटो काढायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. साप सोडायचा तोही फार लांब नाही. अनोळखी रानात त्याला लपायची जागा सापडत नाही आणि तो भटकत मरतो.

मारू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. शिवाय तीन फुटी काठीने मारायला गेलात की तुमचा पाय तिच्या टप्प्यात येतो.

कार्बोलिक अजिबात नको. वासाने साप जागा सोडत नाही. सापाच्या अंगावर पडलं तर तो भाजून सैरावैरा धावेल, पावसाचं पाणी उरलेलं विहिरीत नेईल. फिनेल, लसूण, गंधक, सगळ्याचं तेच.

रानवाट
तीन फुटांचाच साप आहे. मोठी बादली पालथी घालून वर चिरा ठेवला तर सर्पमित्र येईपर्यंत अडकून राहील ना?

सर्पमित्र_फोंडा
@रानवाट, बादली घालायला हात सापापासून दीड-दोन फुटांवर न्यावा लागतो. वेटोळं घातलेली घोणस तेवढं अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापते. परसातली जमीनही सपाट नसते, काठाखाली फट राहतेच. साप खोलीत शिरला असेल तर दार बंद करून खालची फट बुजवणं हाच बादलीपेक्षा चांगला पर्याय.

वॉर्ड_नर्स
दंश झाला तर काय, हेही इथेच असू द्या. माणसाला झोपवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, कारण घोणशीच्या दंशानंतर सूज भराभर चढते आणि मग अंगठी कापावी लागते. दंश झालेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधा. दोरी करकचून आवळू नका. कापणं, चोखणं, बर्फ, चुना, झाडपाला काही नाही. दंशाची वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. तुम्हाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा म्हापशाचं जिल्हा इस्पितळ. साप पकडून आणायची गरज नाही.

इस्पितळात पहिली महत्त्वाची तपासणी साधी असते: २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल आणि पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीच्या विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. अशा वेळी साधारण ८ ते १० कुप्या अँटिव्हेनम (सर्पविषावरचं औषध) शिरेतून देतात. मुलांनाही तेवढाच डोस, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. रिॲक्शन येऊ शकते म्हणून ॲड्रेनलिन हाताशी असतं, आणि म्हणूनच हे औषध घरी किंवा वाटेत द्यायचं नसतं. लघवी कमी किंवा लालसर झाली तर लगेच सांगा, घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं. लक्षणं नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहावंच लागतं.

मण्यारीचं उलट. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसेल असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. असं दिसलं तर साप पाहिला नसला तरी धावा. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा उत्तम उपाय.

परसू_पर्वरी
फोटो लांबून घेतला, ठिपक्यांच्या तीन ओळी स्पष्ट आहेत. वन खात्याला फोन केला, माणूस निघालाय. आता साप गेल्यावर ती रास कशी हलवायची? हातमोजे घालून चालेल?

कुळागर_सत्तरी
हातमोज्यांवर विसंबू नका. मोठ्या घोणशीचे दात दीड सेंटीमीटरपर्यंत असतात, बागकामाच्या चामड्यातून आरपार जातात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला आणि हात राशीत घालूच नका. सकाळी ऊन आल्यावर, लांब दांड्याच्या दाताळ्याने वरचा थर आपल्याकडे ओढायचा, तो पसरून बघायचा, मगच पुढचा. सोडण ओंजळीसारखं पालथं पडलेलं असतं, त्याच्या पोकळीत लहान साप सहज मावतो. म्हणून प्रत्येक सोडण दाताळ्याने उलटं करून मगच टोपलीत. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही एका वेळी २० ते ४०. जन्मतः वीतभर लांब आणि विषारी. साधारण मे ते जुलैच्या दरम्यान रास हलवायची झाली तर दुप्पट जपून.

नवी रास घरापासून आणि कंपाउंडपासून सुटी ठेवा, चिऱ्यांच्या खांबांवर फळ्या टाकून दीड फूट उंच, खालून उजेड आरपार दिसला पाहिजे. चुडतं जमिनीवर नकोतच. कंपाउंडच्या सांध्यांत आतल्या बाजूने गुडघ्याच्या उंचीपर्यंत सिमेंट भरा, पण पाणी जायची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात भिंत फुगून कोसळेल. त्या भोकांना ६ मिमीची जाळी लावा. न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाइपालाही तीच.

कुत्र्याचं उरलेलं जेवण रात्री बाहेर ठेवता का? उंदीर त्यासाठी येतात आणि घोणस उंदरांसाठी. ते ताट आजपासून आत घ्या.