मदत हवी आहे: भरणं (वर्षाचं धान्य-मसाला), आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळीचा मेळ महिन्याच्या किराण्यात कसा बसवायचा?

पांझराकाठ

धुळ्यात राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं (नववी, पाचवी). हातात येणारा पगार ३४,०००. दूध, भाजी आणि गॅस सोडून किराणा महिन्याला ८,५०० च्या आसपास जातो. तो कसाबसा निघतो, पण मार्च ते मे आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर, असं वर्षात दोनदा गणित कोलमडतं. गेल्या वर्षी भरण्याला (गहू, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, तूरडाळ, मिरची-मसाला, पापडाचं सामान) २२,००० गेले आणि आखाजी-दिवाळी मिळून २०,०००. कपडे यात धरलेले नाहीत. एक क्विंटल गहू भरला होता, तो दिवाळीलाच संपला. तेव्हापासून पिशवीतला आटा चालू आहे.

यंदा नणंदेची लग्नानंतरची पहिली आखाजी आणि पहिली दिवाळी, म्हणजे खर्च वाढणारच.

विचारायचं आहे ते असं: वर्षाचं धान्य भरणं खरंच परवडतं का, की महिन्याला घ्यावं? सणाचे पैसे कुठे ठेवावेत: भिशी, बँकेचं आरडी (दरमहा हप्त्याची ठेव), की आमचा दुकानदार म्हणतो त्या दिवाळी फंडात? आणि किराणा खाली आणायचा तर सुरुवात कुठून करू? दुकानात उधारीचं खातं आहे, तेही बंद करायचं आहे.

तापीकाठ

ताई, किराण्यात काटकसर नंतर बघू. आधी एक गोष्ट तपासा. भरणं झालं की त्या महिन्यापासून यादी तेवढ्यानं खाली यायला हवी. घरात गहू, डाळ, तिखट असताना मे-जूनमध्येही ८,५०० च जात असतील, तर तुम्ही त्याच पोटासाठी दोनदा पैसे देताय.

हिशेब मांडते. ८,५०० गुणिले १२ म्हणजे १,०२,०००. त्यात भरण्याचे २२,००० आणि सणांचे २०,००० मिळवा: १,४४,०००. म्हणजे तुमचा किराणा ८,५०० नाही, १२,००० आहे, फक्त तो वर्षभर विखुरलेला असल्यामुळे दिसत नाही.

आता यादीतून आटा, तूरडाळ, तिखट, मसाला काढा. पाच माणसांत ते अडीच हजारांचं सामान नक्की असेल. चालू किराणा ६,००० वर आला की वर्षाचे ७२,०००, अधिक तेच ४२,०००, झाले १,१४,०००. महिन्याला ९,५००. त्यातले ३,५०० पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचे आणि तेही दोन वेगळ्या जागी: भरण्याचे १,८००, सणांचे १,७००. एकत्र ठेवले की आखाजीला भरण्याचे पैसे उडतात आणि जूनमध्ये फी दारात उभी राहते.

गहू दिवाळीला का संपला तेही सांगते. किलोभर कणकेच्या मध्यम पोळ्या ३० ते ३२ होतात. पाच माणसांच्या दिवसाला १४ धरल्या तर साडेचारशे ग्रॅम कणीक. क्विंटलमागे चाळून-निवडून दोन-तीन किलो घट धरा, राहिला ९७ किलो, तो पुरतो सव्वादोनशे दिवसांच्या आतच. एप्रिलला पिंपाचं झाकण उघडलं तर नोव्हेंबरला तळ दिसणारच. वर्षाला पावणेदोन क्विंटल हवा. संध्याकाळी नियमानं भाकरी होत असेल तर दीडवर भागेल.

कळणा_ठेचा

वरचा हिशेब पटला, पण सगळं भरणं एप्रिलमध्येच करायचं हा आग्रह सोडा. प्रत्येक मालाचा आपला महिना असतो.

गहू आणि हरभरा मार्च-एप्रिलला. दादरही तेव्हाच, रब्बीचा नवा माल असतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत नवी येते, त्यामुळे डाळ होळीच्या आधी घेतलेली बरी. लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यापासून असते. एप्रिलमध्ये सगळं गाव मसाल्याच्या मागे लागतं, त्याच्या आत घेऊन ठेवा. उन्हाळ्यातल्या पापडाचा उडीद मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरातच घ्यायचा, नवा माल तेव्हा उतरतो. एप्रिलला पापड लाटायला बसताना उडीद शोधायला निघालं की मिळेल त्या भावानं घ्यावा लागतो. असं पसरवलं की २२,००० चा एकच धक्का न बसता चार-पाच हप्ते पडतात, आणि भरण्याच्या १,८०० मधून बरेचसे निघतात.

घरची तूर किंवा नात्यातली तूर मिळत असेल तर मिलवर डाळ करून घेणं परवडतं का ते असं बघा: १०० किलो तुरीची डाळ साधारण ७० ते ७५ किलो निघते, बाकी चुनी आणि फोलपट. तुरीचा किलोचा भाव भागिले ०.७२, त्यात किलोमागची मिलची मजुरी मिळवा. हा आकडा बाजारातल्या डाळीपेक्षा कमी आला तरच पोतं उचला. चुनी ढोरांना चालते, ती विकली तर थोडं सुटतं.

आणखी एक. २५ किलोपर्यंतच्या छापील, बंद पिशवीतल्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या धान्यावर नाही आणि २५ किलोवरच्या पोत्यावरही नाही. म्हणून १० किलोच्या तीन पिशव्यांपेक्षा ३० किलोचं पोतं बघा.

गिरणाकाठ

तेलाचं कोणी बोललं नाही. किराण्यात सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. हल्ली पिशवीत कधी ८५०, कधी ८०० ग्रॅम असतं आणि पिशवी दिसायला तेवढीच. किंमत भागिले ग्रॅम, एवढंच बघा. डब्याचंही तसंच: १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या वर थोडं तेल असतं, १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. दोन्हींना ‘पंधराचा डबा’ म्हणतात आणि भावाची तुलना करताना हाच गोंधळ होतो.

पाच माणसांना महिन्याला साडेतीन-चार किलो तेल पुष्कळ झालं. पण पिंप उघडं असलं की हात सैल सुटतो. महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढा. शेवभाजी आणि भरताची तर्री त्यातच बसवायची!

माजघर

साठवण नीट नसेल तर वरचं सगळं फुकट. क्रमानं सांगते.

गहू दोन-तीन कडक उन्हं खातो. दाताखाली कट्‌ आवाज आला पाहिजे, दाणा दबता कामा नये. उन्हातून उचलून लगेच पिंपात भरू नका. गरम धान्याला आत घाम सुटतो आणि ओलीला कीड धरते. रात्रभर सावलीत पसरून गार झालं की भरा. पिंप फरशीवर टेकवू नका, खाली फळी किंवा विटा हव्यात, भिंतीपासून वीतभर लांब. एरंडेल लावायचं तर दाण्याला नुसती चकाकी यावी इतकंच, हाताला चिकटलं तर जास्त झालं. डाळींना किलोला चमचाभर तेल चोळलं तरी पुरतं.

रोजच्यासाठी १५ दिवसांचा गहू लहान डब्यात काढा. पावसाळ्यात मोठं पिंप रोज उघडलं की दमट हवा आत जाते आणि सोंडे होतात. बऱ्याच घरी ‘यंदा गहूच खराब निघाला’ म्हणतात, तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात अजिबात नकोत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. गोदामासाठीची वस्तू आहे ती, झोपायच्या खोलीतल्या पिंपासाठी नाही. बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात नको.

रवा, मैदा, पोहे, शेंगदाणे वर्षाचे भरू नयेत. रव्याला अळी लागते, दाणे खवट होतात. दाण्यांवर हिरवट बुरशी दिसली तर निवडून वापरत बसू नका, टाकून द्या.

मुक्ताईनगरकर

पैसे कुठे ठेवायचे त्याबद्दल.

दुकानदाराचा दिवाळी फंड: नको. दुकान बंद पडलं किंवा मालकानं हात वर केले तर तुमच्याकडे वहीतल्या सह्यांपलीकडे काही नसतं. शिवाय शेवटी पैसे मिळत नाहीत, माल मिळतो, त्याच्या दुकानातला आणि त्याच्या भावानं.

भिशी: माणसं ओळखीची आणि नेमकी असतील तर चालते. पण आधीचा नंबर उचलणारा कर्ज घेतो आणि शेवटचा उचलणारा बचत करतो, एवढं ध्यानात ठेवा. चिठ्ठी टाकून नंबर निघत असेल तर सणासाठी तिचा उपयोग नाही, मार्चला पैसे हातात पडले की दिवाळीपर्यंत राहत नाहीत. नंबर ठरवून देत असतील तर ऑक्टोबरचा मागा.

आरडी: बँकेचं घ्या, पोस्टाचं नको. पोस्टाचं पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. काही बँकांत सहा महिन्यांपासूनही मिळतं. पतसंस्था जास्त व्याज दाखवते, पण बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही. ठेवी अडकणं म्हणजे काय हे जळगाव जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही.

उधारीचं खातं एकदम बंद करू नका, जुनी बाकी चार हप्त्यांत फेडा आणि नवीन माल रोखीनं घ्या. रोखीच्या गिऱ्हाइकाला भाव करता येतो, खातेवाल्याला नाही.

तापीकाठ

ताई, एक राहिलंच, आणि ते मोठं आहे. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे! १७ मे ते १५ जून. नणंदेचं नवं लग्न, म्हणजे जावयाचा धोंड्याचा महिना आलाच. तुमच्या यादीत तो दिसला नाही.

२०२६ असं पडतं: आखाजी १९ एप्रिल, त्यानंतर चारच आठवड्यांत धोंडा, मग कानबाईचे (खानदेशातल्या देवीचे) रोट २३ ऑगस्टच्या रविवारी (नागपंचमी १७ ला आहे), गणपती १४ सप्टेंबर, दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. अधिक महिन्यामुळे आखाजीपासून दिवाळीपर्यंत २९ आठवडे मिळतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आठवड्याला ५०० टाकले तरी दिवाळीला साडेचौदा हजार उभे राहतात. अडचण आत्ताची आहे, एप्रिल-मेची.

धोंड्याला सोन्या-चांदीची भेट करायचीच असा नियम नाही. सासूबाईंशी आधी बोलून आकडा ठरवा. तेहतीस अनारशांना अर्धा किलो तांदूळ आणि तेवढाच गूळ पुरतो. महाग असते ती खसखस, ती सुटी १०० ग्रॅम घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तयार अनारसे डझनावर घेतले तर हाच ऐवज कितीतरी पटीनं पडतो.

आखाजीला यंदा आमरसाचं बजेट जपून. १९ एप्रिलला आपल्याकडचा आंबा तयार नसतो, बाहेरचा असतो आणि तो चढ्या भावानं. सणापुरता थोडा रस करा, जावयाला पोटभर रस धोंड्याला, मे अखेरीस घाला.

पांझराकाठ

अधिक महिना खरंच डोक्यात नव्हता, आभार. मग आत्ता हाताशी काहीच नसताना पावणेदोन क्विंटल गहू कसा घ्यायचा? बचत गटातून दहा हजार उचलू का? महिना शेकडा दोननं मिळतात.

कळणा_ठेचा

नका उचलू. शेकडा दोन म्हणजे सहा महिने मुद्दल तसंच राहिलं तर १०,००० वर १,२०० व्याज. एप्रिल ते ऑक्टोबर गव्हाचा भाव १२ टक्क्यांच्या वर चढला तरच ते कर्ज फिटलं म्हणायचं, आणि त्यावर पैज लावू नये.

मार्चअखेर ५० किलो घ्या, तो जुलैच्या मध्यापर्यंत जातो. मेमध्ये जमेल तसा दुसरा ५० किलोचा कट्टा, पाऊस पडायच्या आत वाळवून. उरलेला दिवाळीनंतर. पुढच्या मार्चपर्यंत १,८०० चे हप्ते साठलेले असतील, तेव्हा एकदम भरा.

रेशन कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळतं, पाच माणसांचं २५ किलो. तसं असेल तर वरचा आकडा त्या हिशेबानं कमी करा. सणाच्या शिध्यावर मात्र विसंबू नका. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ आणि तेल मिळालं होतं, पण ती योजना सरकारच्या मर्जीवर, आपल्या कॅलेंडरवर नाही.

माजघर

दिवाळीचा फराळ पाच माणसं आणि एक माहेरवाशीण धरून: चकलीला एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभराडाळ, पाव-पाव किलो उडीद आणि मूगडाळ. शेव आणि लाडवांचं मिळून दोन किलो बेसन, एक किलो पोह्यांचा चिवडा, एक किलो मैद्याच्या शंकरपाळ्या. तळणाला एकूण अडीच-तीन किलो तेल.

यातली हरभराडाळ एप्रिलच्याच मालातून अडीच-तीन किलो बाजूला ठेवा आणि ऑक्टोबरात गिरणीवरून बेसन दळून आणा: शेवेचं बारीक, लाडवाचं जरा रवाळ. तेल आणि खोबरं गणपतीच्या आधी घ्या. पोहे आणि मैदा शेवटच्या आठवड्यात. तळून उरलेलं तेल गाळून आठ-दहा दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको. आणि आधी एक चकली तळून बघा: कढईत विरघळली तर मोहन जास्त झालं, थोडी भाजणी वाढवा. कडक झाली तर कमी पडलं, चमचाभर कडकडीत तेल घालून पुन्हा मळा. अख्खा घाणा वाया जात नाही.