आईबाबांना घेऊन माचू पिचू: कुठली गाडी, आणि उंचीचं काय करू?

गार्डाची लेक

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदा विचारतेय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत असते. आईबाबा एप्रिलअखेर येतायत, चार महिने राहतील. आई ६६, बाबा ७१. बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते (आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, बाबांना ते नाव अजिबात पसंत नाही), अर्धी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. मागच्या खेपेला नायगारा, वॉशिंग्टन सगळं उरकलं आणि त्याच सुमारास त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत ती माचू पिचूची निळी गाडी बघितली, नदीला चिकटून जाणारी. झालं, तेव्हापासून एकच धोशा. माचू पिचू बघायचंय असं नाही हं म्हणत, "त्या गाडीत बसायचंय" म्हणतात. आईला मात्र पेरूतल्या इंका लोकांचं ते जुनं शहर बघायचंय, शाळेत इतिहास शिकवायची ती.

तर माझा प्लॅन असा: न्यूअर्कहून लिमा, लिमाहून कुस्को, कुस्कोत दोन रात्री, मधल्या दिवशी पहाटे गाडीने माचू पिचू आणि रात्री परत, मग लिमा आणि घर. एकूण ५ दिवस, जूनचा शेवटचा आठवडा. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती अंडंही खात नाही. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, पेरूचा वेगळा काढावा लागेल का? आणि गाड्यांचे इतके प्रकार आहेत की डोकं गरगरतंय. नवरा म्हणतो एवढा खर्च करतोच आहोत तर ती हायरम बिंगहॅम नावाची आलिशान गाडीच घेऊ.

(पेरूला जायचंय म्हटल्यावर मावशी म्हणाली, "अगं मंडईत मिळतात की!" तेवढं एक झालंच.)

भटकभवानी

अगं ताई, प्लॅन उलटा कर. पूर्ण उलटा.

कुस्को साधारण ३४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू २४३०वर. म्हणजे माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली! सगळ्यांना वाटतं डोंगरावरचं शहर म्हणजे तेच सगळ्यात उंच, पण दम लागतो तो कुस्कोच्या विमानतळावर. समुद्रसपाटीवरून उठून थेट तिथे दोन रात्री म्हणजे डोकेदुखी आणि मळमळीला आमंत्रण. तिकडे त्याला सोरोचे म्हणतात. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, माझीही पहिली चूक हीच, त्यांना काही झालं नाही आणि मीच हॉटेलात आडवी.

म्हणून कुस्कोला उतरलात की तडक टॅक्सीने खाली ओयांतायतांबोला जा. ते २८०० मीटरच्या आसपास आहे, इंकांच्या वेळची गल्ल्यांची आखणी अजून तशीच आहे, दगडी पन्हाळींतून पाणी वाहत असतं, आणि मुख्य म्हणजे गाडीचं स्टेशन गावातच. दोन रात्री तिथे काढा. मग गाडीने अग्वास कालियेंतेस, म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याचं गाव, ते २०४० मीटरवर. एक रात्र तिथे, सकाळी वर. कुस्को सगळ्यात शेवटी ठेव, तोवर शरीर सरावलेलं असतं. पाच दिवसांत हे बसणार नाही, सात तरी हवेत. तिकडे मधूनच संप होतात, रूळ अडवले जातात, जानेवारी २०२३मध्ये तर माचू पिचूच बंद ठेवलं होतं, त्यामुळे एक दिवस हाताशी मोकळा हवाच.

बुकिंग करताना आधी माचू पिचूचं प्रवेश तिकीट, मग गाडी, मग विमान. लोक नेमकं उलट करतात आणि मग रडतात. २०२४पासून आत फिरायला तीन सर्किटं केलीत, तिकीट त्या सर्किटचं आणि त्या तासाचं मिळतं, आत गेल्यावर बदलता येत नाही, बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. फोटोत दिसतं ते सगळं, वरून दिसणारं शहर आणि शिवाय आतून फेरी, असं दोन्ही हवं असेल तर सर्किट दोन, आणि ते सगळ्यात आधी संपतं. गुडघ्यांचा प्रश्न फारच असेल तर सर्किट तीन खालच्या अंगाने जातं, चढ कमी, पण तो फोटोतला व्ह्यू नाही मिळत. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना १५२ सोल (पेरूचं चलन) होते. सरकारी साईटवरूनच काढ, मी घाईत कुठल्यातरी दलालाच्या साईटवरून काढलं, दुप्पट गेले आणि वर तास चुकीचा.

टॉयलेट फक्त गेटच्या बाहेर आहे, आईंना आधी सांगून ठेव. काठी चालते पण टोकाला रबर हवं. पासपोर्ट मूळ लागतो, झेरॉक्स नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्याचं म्हणशील तर २४ जूनला कुस्कोत इंती रायमी असतो, सूर्याचा उत्सव, हॉटेलं महाग आणि तुडुंब. मे महिना बघ ना, पाऊस संपलेला असतो आणि डोंगर अजून हिरवे असतात.

कट्ट्यावरचा काका

बाबांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढे सरकलं तरी चालेल.

ही लाईन ९१४ मिलिमीटरची, म्हणजे तीन फुटी नॅरो गेज. आपली माथेरानची राणी दोन फुटी, त्यापेक्षा ही रुंद पण मीटर गेजपेक्षा अरुंद. इंजिन डिझेल. ओयांतायतांबोहून पायथ्याच्या गावापर्यंत पावणेदोन तासाच्या आसपास लागतात, वेग आपल्या पॅसेंजरसारखाच, पण तेच बरं आहे. उरुबांबा नदी जवळजवळ सगळ्या वाटेत सोबत असते. जाताना डाव्या बाजूला बसा, नदी तिकडे. सीट गाडीवालेच देतात, आम्ही मेल करून विनंती केली तर मिळाली. सुरुवातीला रखरखीत डोंगर, निवडुंग, मक्याची शेतं, वर व्हेरोनिकाचं बर्फाचं शिखर, आणि तासाभरात बघता बघता सगळं हिरवंगार होत जातं, झाडांवर शेवाळ, ढग खाली उतरलेले. आपल्याकडे कर्जतहून खंडाळ्याला वर चढताना हिरवं होत जातं, इथे खाली उतरताना होतं. खांबांवर किलोमीटरचे आकडे बघायला सांगा, ८२ला इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला चालत जायची वाट, सुरू होते, तिथे नदीवर झुलता पूल दिसतो, पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं दिसतात. १०४ला छोटा ट्रेल.

गंमत म्हणजे त्या पायथ्याच्या गावाला बाहेरून मोटाररस्ताच नाही. एकतर गाडीने या, नाहीतर चालत. त्यामुळे पीठ, गॅस, कोंबड्या, हॉटेलच्या गाद्या सगळं रेल्वेने येतं, आणि रूळ थेट बाजारातून जातात, दोन्ही बाजूंना हॉटेलांच्या टेबलखुर्च्या आणि मधून गाडी. बाबा तिथून हलणार नाहीत, लिहून घ्या.

स्थानिक लोकांसाठी स्वस्तातली लोकल आहे, त्यात परदेशी माणसाला बसू देत नाहीत. बाबा विचारतीलच म्हणून आधीच सांगितलं.

आलिशान गाडीबद्दल जावईबापूंना सांगा, रूळ तेच, नदी तीच. तिथे जेवण, वाइन, गाणीबजावणी आणि माणशी काही शे डॉलर. गार्ड माणसाला खिडकी लागते, शॅम्पेन नाही. काचेच्या छताची मधली गाडी घ्या, व्हिस्टाडोम किंवा दुसऱ्या कंपनीची ३६० नावाची. परतीच्या व्हिस्टाडोममध्ये डब्यात काम करणाऱ्या पोरापोरींनी मुखवटे घालून नाच केला आणि मग अल्पाकाच्या स्वेटरांचा फॅशन शो केला, विकायलाच अर्थात. बायकोने एक घेतला. घालत नाही.

इतिहासाचा तास

काका, त्या गाडीच्या नावावरून एक. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा बिंगहॅम, ज्याने माचू पिचू "शोधलं" म्हणतात, तो तिथे २४ जुलै १९११ला पोचला हे खरं, पण त्याला वर घेऊन गेला तो खालचा शेतकरी मेल्चोर आर्तेयागा, वर गेल्यावर इंकांच्याच पायऱ्यांच्या शेतांवर मका लावणारी कुटुंबं राहत होती, आणि १९०२मध्ये आगुस्तिन लिसारागा नावाचा माणूस भिंतीवर कोळशाने नाव लिहून गेला होता. "शोधलं" म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. बिंगहॅमने येलला नेलेल्या वस्तू शंभर वर्षांनी परत आल्या, कुस्कोत कासा कोंचा नावाच्या वाड्यात ठेवल्यात. ताई, तुमच्या आईंना ते नक्की दाखवा, तिथे गर्दी नसते आणि पायऱ्याही फार नाहीत.

रात्रपाळी डॉक्टर

बीपीच्या गोळीवर असलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला उंचीची गोळी, म्हणजे डायमॉक्स, इथे विचारून देऊ नका. त्याने लघवी वाढते, बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते, सल्फाची ॲलर्जी असेल तर वेगळाच प्रश्न. तुमच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. भटकभवानींनी सांगितलेला क्रम हेच निम्मं औषध आहे. पहिले दोन दिवस हळू चाला, रात्री हलकं जेवा, पाणी प्या. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे प्यायला हरकत नाही, पण पानं किंवा टी-बॅग बॅगेत टाकून अमेरिकेत आणू नका, बेकायदा आहे.

दुसरं, कोणीच लिहिलं नाही म्हणून. पेरू यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर क्वारंटाइन. लस निदान १० दिवस आधी घेतलेली लागते.

गार्डाची लेक

बापरे, हे माहीतच नव्हतं. पण आईबाबा पेरूहून परत माझ्याकडेच येणार, मग दोन महिन्यांनी पुण्याला. तरी लागेल?

रात्रपाळी डॉक्टर

मग ६ दिवसांचा नियम तुम्हाला लागूच होत नाही. आणि फक्त कुस्को-माचू पिचू करणाऱ्यांना तशी त्या लशीची गरज सांगत नाहीत, धोका खालच्या ॲमेझॉनच्या जंगलात आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना जरा विचार करूनच घेतात, त्यामुळे उगाच टोचून घेऊ नका. पुण्याहून थेट जाऊन थेट परत येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा.

भटकभवानी

व्हिसाचं राहिलंच. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि तो अजून निदान ६ महिने चालणार असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. तरी तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साईटवर एकदा बघून घे, नियम बदलत असतात.

आणि जेवण! "व्हेजिटेरियन" म्हटलं की सूप देतात, सूप भाज्यांचंच असतं पण पाणी कोंबडीचं. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, कोंबडी नको, मासा नको) म्हणायचं आणि वर "सिन काल्दो दे पोयो" (कोंबडीचं पाणी नको). सासूबाईंना हे चार दिवसांत पाठ झालं, वेटर घाबरायचे. एरवी चंगळ आहे, बटाटा मूळचा तिथलाच, जांभळे काय, पिवळे काय, हजारो जाती. मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि चीज मिळतं रस्त्यावर, किन्वाचं सूप मिळतं. मेतकूट आणि थेपले मात्र ने, सवयीचं काहीतरी लागतंच.

गार्डाची लेक

मंडळी, काल रात्री सगळं बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. नॅरो गेज तीन फुटी म्हटल्यावर आईच्या हातातून फोन घेतला.

ठरलं ते असं: मेचा दुसरा आठवडा, ७ रात्री. उतरल्या उतरल्या ओयांतायतांबो, तिथून गाडी, एक रात्र खाली, सकाळी ८चं सर्किट दोन (मिळालं! आता गाडी बघतेय), शेवटी कुस्को. नवऱ्याने आलिशान गाडीचा हट्ट सोडला, काकांचं शॅम्पेनचं वाक्य वाचून दाखवलं.

काका, बाबांचा एक प्रश्न आहे, जशाच्या तसा देते: "कुस्को एवढं उंच आणि लाईन खाली नदीला, मग कुस्को शहरातून गाडी बाहेर काढतात कशी? बँकर लावतात का?" (बँकर म्हणजे चढावर मागून ढकलायला लावतात ते जादा इंजिन.)

कट्ट्यावरचा काका

वा, याला म्हणतात गार्ड! बँकर नाही, झिगझॅग आहे. कुस्को वाटीत वसलंय, आधी वाटीच्या काठावर चढायचं आणि मग नदीकडे उतरायचं. शहरातलं सान पेद्रो स्टेशन सोडलं की गाडी डोंगराच्या अंगावर पुढे जाते, थांबते, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) बदलतात, मागे जाते, परत पुढे. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं ना, १९२९पर्यंत, त्याच जातीचं. बाबांना माहीत असणारच.

आता ऐका. सान पेद्रोची गाडी वर्षभर नसते, पण तिकडचा पावसाळा सोडून असते, मेमध्ये चालू असायला हवी, तारीख बघून घ्या. जाताना नको, कारण तुम्ही कुस्को शेवटी ठेवलंय. येताना ती घ्या. माचू पिचूहून थेट कुस्को, चार तासाच्या आसपास लागतील, पोचायला रात्र होईल आणि झिगझॅगवर गाडी मागेपुढे करत खाली येत असताना अख्खं शहर दिव्यांनी भरलेलं दिसेल. आईंना शहर, बाबांना सांधे.

गार्डाची लेक

वाचून दाखवलं. बाबा विचारतायत, मागे जाताना शेवटच्या डब्यात उभं राहू देतात का.