मदत हवी आहे: एटीपी (पेशीचं इंधन) तुटतो एकदा आणि प्रोटीनला झटका बसतो भलत्याच वेळी, हे कसं?

मंडळी, बायोफिजिक्सवाले कुणी असाल तर प्लीज बघा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, मोटर प्रोटीन्सवर (पेशीत ओढायचं-चालायचं काम करणारी प्रोटीन्स) सेमिनार द्यायचाय आणि एका जागी गाडी पार अडकलीये.

सगळीकडे एकच वाक्य, एटीपी तुटला, एनर्जी सुटली, प्रोटीन हललं. पण मायोसिनची (स्नायू आखडवणारं मोटर प्रोटीन) सायकल बघितली तर एटीपी येऊन बसला की मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला (ज्या धाग्याला धरून ते ओढतं त्याला) उलट सोडूनच देतं (मेल्यावर एटीपी संपतो आणि बॉडी ताठरते ती म्हणूनच), मग तो तुटतो तेव्हा डोकं मोकळंच असतं, घोडा ओढलेल्या बंदुकीसारखं नुसतं तयार होऊन बसलेलं, आणि झटका बसतो तो परत अ‍ॅक्टिनला चिकटल्यावर, एटीपीतून तुटलेला फॉस्फेट बाहेर पडायच्या सुमाराला. मग मधल्या वेळात ती एनर्जी असते कुठे??

त्यात आणखी एक वाचलं. पाण्यात एटीपी तुटला की परत जुळायचं नावच नाही, पण मायोसिनच्या खोबणीत तीच रिअ‍ॅक्शन जवळजवळ दोन्हीकडे जाऊ शकते, इक्विलिब्रियम कॉन्स्टंट (तुटलेले आणि न तुटलेले यांचं प्रमाण) 10 च्या आसपास. म्हणजे तुटताना फारसं काही सुटतच नाही ना? मग खरा उतार फॉस्फेट सुटताना आणि अ‍ॅक्टिनची पकड घट्ट होताना आहे, असं स्लाइडवर लिहिलं तर चालेल का? सरांना विचारलं तर म्हणे 'कॉन्फर्मेशनल चेंज', म्हणजे प्रोटीनचा आकार बदलतो. अहो सर, तेच तर विचारतोय.

दुसरं कायनेसिनचं (पेशीत माल वाहणारं, दोन डोक्यांचं मोटर प्रोटीन). पुढच्या डोक्यात एटीपी नुसता बसला तरी त्याचा नेक लिंकर (डोक्याला मानेशी जोडणारा छोटा पट्टा) पुढच्या दिशेने चिकटतो, मागचं डोकं पुढे येतं आणि अख्खा गडी मायक्रोट्यूब्यूलवर (पेशीतली रुळासारखी नळी) 8 नॅनोमीटर सरकतो. साधारण 6 पिकोन्यूटनचा जोर धरला तर काम झालं 48 पिकोन्यूटन-नॅनोमीटर, आणि पेशीत एका एटीपीमागे मिळतात 80 ते 100, म्हणजे निम्मं वसूल, भारीच आहे. पण ते मागचं डोकं नेक लिंकर ओढून आणतो की ते पाण्याच्या धक्क्यांनी असंच भिरभिरतं आणि लिंकर फक्त मागे जाऊ देत नाही? क्लासमध्ये यावरून दोन पार्ट्या पडल्यात.

सोपा रिव्ह्यू पेपर सुचवलात तरी चालेल, फक्त चाळीस पानी नको, सेमिनार सोमवारी आहे.