ब्लोअरचा कनेक्टर वितळतोय, काय करू?

भुसावळवाला: राम राम भाऊ, 2004 ची डिझेल गाडी आहे, ब्लोअर (एसीची हवा फेकणारा पंखा) चार नंबर स्पीडवर टाकला की जळका वास येतो, कनेक्टर एका बाजूने वितळलाय पण फ्यूज शाबूत. वायरमन म्हणे मोठा फ्यूज टाक. टाकू का? मे महिन्यात एसीशिवाय इथं जमतच नाही.

धुळेकर: अजिबात नको दादा, वायरिंग पेटेल! फ्यूज फक्त करंट बघतो, सैल पिनीवरची गरमी त्याला कळत नाही. कनेक्टर बदल, रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लाव.

अमळनेर_२३: आधी डीसीवाल्या क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) करंट बघ (गाडीत डीसी करंट असतो, स्वस्तातले मीटर नुसता घरातल्यासारखा एसी करंटच मोजतात). मोटर जड झाली की जास्त ओढते, मग नवा कनेक्टरपण जाईल.

भुसावळवाला: हाताने फिरवली, जडच आहे, आत निंबाचा पाला निघाला.

अमळनेर_२३: मग मोटर पहिले.