'द एक्झॉर्सिस्ट' : तुमचे अनुभव लिहा

विल्यम फ्रीडकिनचा हा सिनेमा १९७३चा. त्यानंतर पडद्यावर कितीतरी भुतं आली नि गेली, पण रात्री एकट्याने बघायला आजही हाच नको वाटतो. तुम्हाला तो कुठे भिडला, ते सांगा. माझ्यापुरतं सांगते. मला सैतानापेक्षा दवाखान्यातला भाग छळतो. सैतानाने झपाटलेल्या छोट्या रीगनच्या मानेत सुई खुपसतात, रक्ताची चिळकांडी उडते आणि तपासणीत काही म्हणजे काही सापडत नाही. तिच्या आईचा देवाधर्मावर विश्वास नाही; डॉक्टरांनी हात टेकल्यावरच ती पाद्र्याकडे जाते. माझी लेक तापाने फणफणली की त्या आईच्या भूमिकेतल्या एलन बर्स्टिनचा तो चेहरा डोळ्यांसमोर येतो.

*

आईला शेवटी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. त्यानंतर हा सिनेमा परत लावला, तर तो त्या पाद्र्याचाच, फादर कॅरसचाच वाटला. हाताशी पैसा नाही, म्हणून त्याची आई मनोरुग्णांच्या वॉर्डात. तो भेटायला जातो तर ती तोंड फिरवते. पुढे ती जाते, आणि सैतान नेमका तिच्याच आवाजात त्याला जाब विचारतो. रीगनची मान गरगर फिरते त्याचं आता काही वाटत नाही. या प्रसंगाला मात्र मी टीव्ही बंद करतो.

*

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. हेडफोन लावून बघाच. सैतानाचा आवाज मर्सिडीस मॅक्केंब्रिज या अभिनेत्रीचा आहे. तिच्या घशातली घरघर अगदी कानाशी येते. ध्वनीचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. नटांच्या तोंडातून निघणारी वाफही खरी, रीगनच्या खोलीचा सेटच गोठवला होता.

*

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. सिनेमाच्या शेवटी फादर कॅरस जिथून गडगडतो, जॉर्जटाउनमधल्या त्या ७५ पायऱ्यांवर लोक सकाळी व्यायामाला पळतात. २०१५ साली तिथे पाटीही लागली. भारतातून पाहुणे आले की म्युझियमं नंतर, आधी तो जिना! भर उन्हात वरून खाली बघतानाही हात आपोआप कठड्याकडे जातो.

*

२०००च्या आवृत्तीत रीगन पाठीची कमान करून हातापायांवर जिना उतरते, ते दृश्य परत घातलंय. मला मूळचीच आवडते. सुरुवातीला माळ्यावर नुसती खुडबुड, आणि आई म्हणते उंदीर असतील. आमच्या कोकणातल्या घरीही सगळे हेच म्हणायचे. मूळ आवृत्ती कुणी थिएटरात पाहिली असेल तर जरूर लिहा.