'परराष्ट्रीय' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न
बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल रोममधल्या विश्वासणाऱ्यांनाच (ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांनाच) 'परराष्ट्रीय' म्हणतो. रोमचा माणूस रोममध्येच परराष्ट्रीय कसा? बायबल अभ्यासवर्गासाठी टिपणे काढते आहे. 'विदेशी', 'अन्यधर्मीय', 'मूर्तिपूजक', 'यहूदीतर' (यहूदी म्हणजे ज्यू नसलेले) यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद
इथे राष्ट्र म्हणजे देश नव्हे, लोकसमूह. मूळ ग्रीक शब्द 'एथ्ने', त्यामागे हिब्रू 'गोयीम'. दोन्हींचा साधा अर्थ 'राष्ट्रे'. एकवचनी 'गोय' तर इस्राएलालाही लागतो. उत्पत्ती 12:2 मध्ये अब्राहामाचे 'मोठे राष्ट्र' होईल असे वचन आहे, तिथे हाच शब्द आहे. अनेकवचन मात्र 'आपण सोडून बाकीचे सारे' या अर्थाने रुळले. 'परराष्ट्रीय' हा त्याचा चांगला मराठी शब्द आहे, पण आज तो ऐकला की परराष्ट्र मंत्रालयच आठवते. 'विदेशी'ने घोळ आणखी वाढतो. अंत्युखिया या प्राचीन शहरातला ग्रीक माणूस आपल्याच गावात होता, आणि यहूदी तिथे बाहेरून येऊन वसलेले होते.

'अन्यधर्मीय' अजिबात नको. सगळा वादच त्यावर आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या ग्रीक माणसाने सुंता करून आधी यहूदी व्हायचे का? इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि मंडळीचे वडील (ज्येष्ठ पुढारी) जमले आणि त्यांनी नाही असे ठरवले. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्यांचे मांस आणि जारकर्म वर्ज्य करा, एवढेच कळवले (प्रेषितांची कृत्ये 15). म्हणजे तो माणूस विश्वासात आला तरी 'एथ्ने'पैकीच राहिला. रोमकरांस 16:4 मध्ये पौल 'परराष्ट्रीयांच्या मंडळ्या' (विश्वासणाऱ्यांचे समुदाय) म्हणतो. तिथे 'अन्यधर्मीयांच्या मंडळ्या' घालून वाचा, वाक्यच कोसळते.

प्रश्न
'मूर्तिपूजक' का नको? बऱ्याच प्रवचनांत तोच ऐकू येतो.

प्रतिसाद
कैसरियाचा कर्नेल्य पाहा. रोमी शताधिपती, परराष्ट्रीय. पण देवाचे भय बाळगणारा, दानधर्म आणि प्रार्थना करणारा. त्याला मूर्तिपूजक म्हणणे अन्यायाचे आहे. उलट 1 करिंथकरांस 12:2 मध्ये 'तुम्ही एथ्ने होता तेव्हा मुक्या मूर्तींकडे नेले जात होता' असा आशय आहे. तिथे 'मूर्तिपूजक' शोभतो. एकच शब्द दोन छटांनी येतो, तेव्हा संदर्भ पाहूनच ठरवावे लागेल.

प्रश्न
'यहूदीतर' मला खटकतो. अमुक नाही म्हणून तमुक, ही काय ओळख झाली?

प्रतिसाद
खटकणे समजते, पण पौलाला मोजमाप तिथूनच हवे आहे. त्याच 11व्या अध्यायात जैतुनाच्या झाडाचे कलम आहे. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. पौल उलटे सांगतो: रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या चांगल्या झाडावर लावली. हे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो 24व्या वचनात स्वतःच म्हणतो. आणि 18व्या वचनात रोमच्या यहूदीतरांना बजावतो की तुम्ही मुळाला आधार देत नाही, मूळ तुम्हाला देते. पुढच्या शतकांत चर्चने यहूद्यांशी जे वर्तन केले, ते पाहता हे वचन किती कमी वाचले गेले याचे फार दुःख होते.

दुसरी बाजूही तेवढीच ठाम आहे. अंत्युखियात प्रेषित पेत्र, जो स्वतः यहूदी, परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीतला पुढारी याकोब याच्याकडून माणसे आली तसा तो पंगतीतून दूर राहू लागला. पौलाने सर्वांसमोर त्याला दोष दिला (गलतीकरांस 2). फांदी रानटी असली तरी पंगत वेगळी मांडायची नाही.

म्हणून टिपणांत वचन उद्धृत करताना छापील 'परराष्ट्रीय' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे यहूदी नसलेले लोक' एवढे लिहा, आणि स्वतःच्या वाक्यांत 'यहूदीतर विश्वासणारे' वापरा. 'यहूदी ख्रिस्ती' हा शब्द त्या काळाबद्दल लिहिताना जपून वापरा. पेत्र आणि याकोब स्वतःला यहूदीच समजत होते.