आधी हवा, मग डॅम्पर

भाऊ, वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं म्हणून तुम्ही पुढचे डॅम्पर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन क्लिक (खाचा) कडक केलेत. माझं ऐका, होते तिथे परत आणा. डॅम्परचं काम गाडी झुकत असते तेवढ्यापुरतं. वळणात एकदा स्थिर बसली की पुढचं काम स्प्रिंग, अँटीरोल बार (गाडीचा कल रोखणारा दांडा) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बघतात.

पण त्याही आधी टायरची हवा. मे महिन्यात भुसावळला दुपारी, 43 अंशात 32 पीएसआय भरून निघालो. कोइमतूरच्या करी रेसट्रॅकवर सकाळी 25 अंशात मोजली तर साडेएकोणतीस! पंक्चर समजून वॉल्व्हला थुंकी लावत बसलो होतो. दर 10 अंशांना दीडेक पीएसआयचा फरक पडतोच.

म्हणून आकडा गरम टायरचा धरा. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) आल्या आल्या, टायर निवायच्या आत मोजा, तेही स्वतःच्या गेजने. पंपावरच्या काट्याचा भरवसा नको. टायरच्या कडेला खडूची रेघ मारून दोन-तीन लॅप काढा. रेघ टायरच्या कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, खुणेच्या बरीच वर राहिली तर जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि ट्रॅकवर हवा कमी केली असेल, तर परतताना रस्त्यापुरती पुन्हा भरा. मी विसरलो, बंगळूरपर्यंत स्टिअरिंग दगडासारखं.